शहराचा धूर जंगलावर पोचतो तेव्हा हवेत काय घडतं: मनाउसचा धडा

प्रश्न दोन भागांत आहे. हजारो किलोमीटर पसरलेल्या जंगलावरच्या हवेत एका शहराच्या धुराने असा काय फरक पडणार? आणि पडत असेल, तर तो शहरामुळेच पडला हे मोजून दाखवायचं कसं?

पहिल्या भागात बहुतेकांची गल्लत होते ती धुराचं वजन मोजण्यात. जंगलावरच्या हवेतल्या सेंद्रिय वाफा जंगलाच्याच असतात, ऊन तिथलं असतं, दमटपणाही तिथलाच. शहराकडून येणारी कळीची गोष्ट म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं (नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड), आणि तीसुद्धा अब्ज भागांत एखाददुसरा भाग. पण पातेलंभर दुधाला विरजण चमचाभरच लागतं. नायट्रिक ऑक्साइडचा एकच रेणू हवेतून निघून जाण्याआधी अनेकदा वापरला जातो, म्हणून एवढ्याशा मात्रेने जंगलाच्या वाफांचा रासायनिक मार्गच बदलतो. तयार होणारा माल जंगलाच्या कार्बनचा, त्याचं वळण शहराचं. पुढचं सगळं विवेचन या एका वाक्याचा हिशोब आहे.

हे तपासायला जगात सर्वांत सोयीची जागा म्हणजे ब्राझीलमधलं मनाउस. रिओ नेग्रोच्या काठावरचं सुमारे २० लाख वस्तीचं शहर, चारी बाजूंना अ‍ॅमेझॉनचं जंगल, आणि वारा बहुतेक दिवस पूर्वेकडून येणारा. म्हणजे शहरात शिरणारी हवा जंगलावरून शेकडो किलोमीटर आलेली असते आणि पावसाळ्यात तर ती औद्योगिक काळापूर्वीच्या हवेच्या बरीच जवळ जाते. शहर ओलांडलं की तीच हवा पुन्हा जंगलावर. दुसरं मोठं शहर आसपास नसल्याने 'शहराआधी' आणि 'शहरानंतर' अशी तुलना करता येते. दिल्ली किंवा मुंबईभोवती ही सोय नाही.

गो-अ‍ॅमेझॉन २०१४/५ ही मोहीम याच रचनेवर उभी होती. जानेवारी २०१४ ते डिसेंबर २०१५ अशी दोन वर्षं शहराच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर, मनाकापुरूजवळ, मुख्य केंद्र चाललं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जंगलातली केंद्रं होती. त्यातलं एक शहराच्या ईशान्येला सुमारे १५० किलोमीटरवर, जिथे आता ३२५ मीटर उंचीचा अ‍ॅटो मनोरा आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारी-मार्च हा पावसाळी आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा कोरडा, असे दोन सखोल मोजणीचे टप्पे झाले. त्यांत जी-१ हे विमान शहराच्या लोटातून, म्हणजे वाऱ्यासोबत वाहणाऱ्या धुराच्या पट्ट्यातून आडवं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या अंतरांवर उडवलं गेलं.

आता रसायन. उष्णकटिबंधीय जंगलाची मुख्य वाफ म्हणजे आयसोप्रीन, पाच कार्बनचा रेणू. झाडं ते उन्हात आणि उकाड्यात सोडतात, रात्री जवळजवळ सोडत नाहीत. हवेत त्याला संपवतं ते हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे भेटेल त्याच्याशी चटकन भिडणारा, अल्पायुषी रेणू). हायड्रॉक्सिलची मात्रा घनसेंटिमीटरला दहा लाख रेणू धरली तर आयसोप्रीनचं आयुष्य पावणेतीन तासांच्या आसपास येतं, वीस लाख धरली तर जेमतेम दीड तास. या पहिल्या धक्क्यानंतर ऑक्सिजन चिकटून पेरॉक्सी मूलक तयार होतं, आणि खरं दुबेळकं इथे आहे.

या पेरॉक्सी मूलकाला दोन मुख्य गिऱ्हाइकं. एक हायड्रोपेरॉक्सी मूलक, दुसरं नायट्रिक ऑक्साइड. पहिलं भेटलं तर आयसोप्रीन हायड्रोपेरॉक्साइड बनतं, दुसरं भेटलं तर मेथिल व्हायनिल कीटोन, मेथॅक्रोलीन, फॉर्मल्डिहाइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. (तिसरी वाट स्वतःच्याच रेणूत हायड्रोजन हलवण्याची. हवा स्वच्छ आणि उष्ण असेल तर तिचा वाटाही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, पण हिशोब समजण्यापुरती ती बाजूला ठेवू.)

शर्यत कोण जिंकतं ते कागदावर काढता येतं. पीपीटी म्हणजे हवेच्या एक लाख कोटी रेणूंत एक रेणू, पीपीबी म्हणजे अब्जात एक. जमिनीलगत १ पीपीटी म्हणजे घनसेंटिमीटरला साधारण अडीच कोटी रेणू. दुपारी हायड्रोपेरॉक्सी २० पीपीटी धरा, म्हणजे ५० कोटी रेणू. त्याचा वेगस्थिरांक (दोन रेणू किती झटकन भिडतात त्याचं माप) १.७ × १०⁻¹¹ घेतला तर गाठ पडायला सुमारे दोन मिनिटं लागतात. नायट्रिक ऑक्साइडचा वेगस्थिरांक साधारण त्याच्या निम्मा, ९ × १०⁻¹². म्हणून तेवढ्याच वेगासाठी ते दुप्पट, म्हणजे ४० पीपीटी लागतं. तराजूचा काटा इथे आहे: अब्जात ०.०४ भाग. स्वच्छ जंगलात माती थोडं नायट्रिक ऑक्साइड सोडतच असते, त्यामुळे तिथली हवा या काट्याच्या आसपासच असते आणि दोन्ही वाटा चालू असतात. आता लोटातून १ पीपीबी, म्हणजे १००० पीपीटी आलं की गाठ साडेचार सेकंदांत पडते. हायड्रोपेरॉक्सीच्या वाट्याला शंभरातले चारच रेणू उरतात.

कागदावरचा हा हिशोब मनाकापुरूला मोजणीत उतरलेला दिसला. स्वच्छ हवेच्या दुपारी आयसोप्रीन हायड्रोपेरॉक्साइड ६०० पीपीटीपर्यंत चढायचं. शहराचा लोट आला की ६० पीपीटीच्या खाली. दहापट फरक, तोही शहरापासून ७० किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत लोट बराच पातळ झालेला असतो. तरीही फरक टिकतो, कारण हवा येताना वाटेत जे घडलं ते सगळं सोबत घेऊन येते. केंद्रावर त्या क्षणी नायट्रिक ऑक्साइड किती दिसतंय यावरून निष्कर्ष काढणारा फसतो तो इथेच.

दुसरा परिणाम हायड्रॉक्सिलवर, आणि तो ऐकायला उलटा वाटतो. प्रदूषित हवेत हवेची स्वतःला धुण्याची ताकद कमी होईल असं वाटतं. जंगलावर ती वाढते. नायट्रिक ऑक्साइड हायड्रोपेरॉक्सीशी भिडलं की हायड्रॉक्सिल परत मिळतं, म्हणजे खर्ची पडलेलं नाणं पुन्हा खिशात येतं. शिवाय लोटात ओझोन जास्त, आणि सूर्यप्रकाशात ओझोनपासून नवं हायड्रॉक्सिल बनतं. आयसोप्रीन आणि त्याच्या उत्पादितांच्या गुणोत्तरांवरून उलटा हिशोब केला तेव्हा लोटातलं दुपारचं हायड्रॉक्सिल स्वच्छ हवेपेक्षा किमान २५० टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणून एरवी संध्याकाळपर्यंत रेंगाळल्या असत्या त्या वाफा दुपारीच जळून जातात.

याला चांगली बातमी समजू नये. त्या जलद जळण्यातूनच ओझोन येतो. पेरॉक्सी मूलकाने नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइड केलं, उन्हाने ते फोडलं, सुटा ऑक्सिजन अणू ऑक्सिजनच्या रेणूला मिळाला, ओझोन तयार. नायट्रिक ऑक्साइड पुन्हा मोकळं. पावसाळ्यात मध्य अ‍ॅमेझॉनच्या स्वच्छ हवेत दुपारी ओझोन साधारण १० ते २० पीपीबी असतो. लोटात तो दुप्पट-तिप्पट होतो. शहराच्या मध्यात मात्र तो अनेकदा कमी दिसतो, कारण ताजं नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतं. म्हणून शहरातल्या ओझोनमापकाचा आकडा पाहून 'आमच्याकडे ओझोनचा त्रास नाही' म्हणणं म्हणजे गिरणीच्या धुराड्याच्या बुडाशी उभं राहून धूर कुठे आहे ते विचारणं. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर असेल तर ७० किलोमीटर जायला चार तास लागतात, आणि ओझोन साठतो तो या चार तासांत. त्याचा मार पानांच्या रंध्रांना बसतो, तो जंगलातल्या.

उपायाच्या दृष्टीने इथे एक फायद्याची गोष्ट आहे. जंगलात वाफा भरपूर आणि नायट्रोजन ऑक्साइड तुटपुंजं, म्हणून ओझोनचं उत्पादन नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रमाणात चालतं. ते घटवलं की ओझोन सरळ घटतो. मनाउसमध्ये वीज बराच काळ जड इंधन तेल आणि डिझेलवर बनायची. उरुकूहून येणारी वायुवाहिनी २००९ मध्ये सुरू झाली आणि वीजकेंद्रं हळूहळू नैसर्गिक वायूकडे वळली. हा बदल पूर्ण झाला तर काय होईल याचं संगणकी प्रारूप चालवल्यावर दुपारचा ओझोनचा कळस ७० टक्क्यांहून जास्त खाली येतो असं दिसलं. झाडं आयसोप्रीन सोडतात म्हणून झाडंच प्रदूषण करतात, असा निष्कर्ष अधूनमधून कोणीतरी काढतं. त्याला हेच उत्तर: वाफा हजारो वर्षं तिथे आहेत, ओझोन नायट्रोजन ऑक्साइड आल्यावर चढला.

बोर्निओत हेच दुसऱ्या वाटेने घडू शकतं. तेलताडाची झाडं मूळ जंगलापेक्षा जास्त आयसोप्रीन सोडतात, आणि मळ्यांना खत लागतं, कारखाने-वाहनं लागतात. २००८ मध्ये सबाहच्या जंगलात आणि ताडमळ्यांवर झालेल्या मोजणीतून निघालेला इशारा असा की मळ्यांवरचं नायट्रोजन ऑक्साइड आवरलं नाही तर तिथे जमिनीलगतचा ओझोन शहरी पातळीला जाईल. तिथे लोट बाहेरून यायची गरज नाही.

सूक्ष्म कणांकडे आलं की मामला गुंतागुंतीचा होतो, आणि इथे एकच बाण काढून चालत नाही. आयसोप्रीन हायड्रोपेरॉक्साइडपासून पुढे इपॉक्सीडायॉल बनतं आणि ते आम्लधर्मी सल्फेट कणांत मुरून कणाचं वजन वाढवतं. शहर सल्फेट वाढवतं, म्हणजे मुरायला जागा वाढते. पण तेच शहर नायट्रिक ऑक्साइडने इपॉक्सीडायॉलचा पुरवठा तोडतं. मनाउसच्या लोटात दोन्हींत जिंकतं ते पुरवठा तोडणं: या जातीचं कणद्रव्य घटतं. एवढंच पाहिलं तर प्रदूषणाने कण कमी होतात असं कोणी लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात एकूण सेंद्रिय कणद्रव्य वाढतं, कारण वाढलेलं हायड्रॉक्सिल आणि ओझोन आयसोप्रीनच्या व टर्पीनांच्या (झाडांच्याच दुसऱ्या, जड रेणूंच्या) वाफा झपाट्याने ऑक्सिडाइझ करून दुसऱ्या वाटांनी कणांत ढकलतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमानमोजणी आणि प्रारूपाच्या अभ्यासात जंगलाच्या वाफांपासून बनणारं कणद्रव्य लोटात सरासरी ६० ते २०० टक्क्यांनी वाढलेलं निघालं, कळसाला ४०० टक्क्यांपर्यंत. कार्बनचं मूळ विचाराल तर ते झाडांचं. म्हणून 'जैविक' आणि 'मानवी' असे कणांचे दोन रकाने करून बेरीज मांडणारे तक्ते या बाबतीत दिशाभूल करतात.

कणांच्या संख्येत तर जमीन-अस्मानाचा फरक. पावसाळी स्वच्छ हवेत घनसेंटिमीटरला काही शे कण, ताज्या लोटात हजारोंनी. त्यातले बरेचसे ५० नॅनोमीटरच्या आतले. असे अतिसूक्ष्म कण गडगडाटी ढगांत शिरून त्यांचा जोर आणि पाऊस वाढवतात, असा निष्कर्ष २०१८ मध्ये याच मोहिमेच्या नोंदींवरून मांडला गेला. नंतर त्याची कडक चिकित्सा झाली, आणि त्याच ठिकाणच्या नोंदींतून तसा परिणाम दिसत नाही असंही दाखवलं गेलं. रसायनाचा भाग पक्का आहे; पावसाचा भाग अजून वादात आहे, तो त्याच तराजूत घालू नये.

आता दुसरा प्रश्न, मोजायचं कसं. या विषयात चुकीचे निष्कर्ष बहुतेक वेळा उपकरणाच्या नळीतून बाहेर येतात.

सर्वांत मोठा सापळा खुद्द हायड्रोपेरॉक्साइडचा. प्रोटॉन-ट्रान्सफर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ७१ या वस्तुमानावर मेथिल व्हायनिल कीटोन आणि मेथॅक्रोलीन दिसतात. पण आयसोप्रीन हायड्रोपेरॉक्साइड गरम धातूच्या पृष्ठभागावर मोडून याच दोघांत रूपांतरित होतं. गॅस क्रोमॅटोग्राफतही तेच. म्हणजे स्वच्छ हवा मोजताना उपकरण ती प्रदूषित असल्यासारखी दाखवतं. वर्षानुवर्षं स्वच्छ जंगलातही कीटोन भरपूर आहे असं वाटत राहिलं त्याचं हे एक कारण. तोड अशी: हवा उणे ४० अंशांच्या आसपास थंड केलेल्या नळीतून आळीपाळीने न्यायची. जड, चिकट हायड्रोपेरॉक्साइड तिथे अडकतं, हलके कीटोन पुढे जातात. थंड नळीसह आणि नळीविना मिळालेल्या आकड्यांतला फरक म्हणजे हायड्रोपेरॉक्साइडचा वाटा. हे न करता ७१ च्या रेषेवर आधारलेला 'स्वच्छ विरुद्ध प्रदूषित' आलेख मान्य करू नये.

६९ वर आयसोप्रीन दिसतं, पण कोरड्या ऋतूत जाळपोळीच्या धुरातला फ्युरानही तिथेच येतो. वस्तुमान बारकाईने वेगळं करणारं यंत्र असेल तर ६९.०७ आणि ६९.०३ अशी दोन शिखरं वेगळी दिसतात. जुन्या चौध्रुवी यंत्रात ती एकात एक मिसळतात.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी शहरी केंद्रांवर सर्रास मॉलिब्डेनम कन्व्हर्टरचं यंत्र असतं. तीनशेहून अधिक अंशांना तापवलेला मॉलिब्डेनम धातू नायट्रोजन डायऑक्साइडसोबत नायट्रिक आम्लाची वाफ, पॅन (पेरॉक्सीअ‍ॅसिटिल नायट्रेट) आणि सेंद्रिय नायट्रेटंही नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलतो. रस्त्याकडेला ही चूक खपून जाते. चार तास उन्हात शिजलेल्या लोटात मात्र हाच 'इतर' भाग मोठा असतो. जंगलात प्रकाशाने फोडणारा, ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी कन्व्हर्टर लागतो. नायट्रिक ऑक्साइडसाठी यंत्राची शोधमर्यादा १० पीपीटीच्या आसपास किंवा त्याखाली हवी आणि यंत्राचं शून्य दिवसातून अनेकदा तपासायला हवं. वर काढलेला काटा ४० पीपीटीवर आहे. ४०० पीपीटीखाली आंधळं असलेलं यंत्र इथे निरुपयोगी.

हायड्रॉक्सिलची थेट मोजणी तर वादाचं माहेरघर. २००५ मध्ये सुरिनामच्या जंगलावरच्या उड्डाणांत ते प्रारूपांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं. त्यातून एक चांगली गोष्ट झाली, आयसोप्रीनच्या साखळीत हायड्रॉक्सिल परत मिळवणाऱ्या वाटा शोधल्या गेल्या. पण लेसरने मोजणाऱ्या काही यंत्रांत यंत्राच्या आतच थोडं हायड्रॉक्सिल तयार होतं हेही पुढे दिसलं. आता उपाय म्हणून नळीच्या तोंडाशी प्रोपेनसारखा वायू सोडून बाहेरचं हायड्रॉक्सिल खाऊन टाकतात आणि उरलेला संकेत वजा करतात. जुने आकडे वापरताना ही वजाबाकी झाली आहे का ते पाहा.

आणि एक अगदी घरगुती वाटणारी अडचण: दव. बाहेर ३० अंश, दवबिंदू २४ अंश, आणि यंत्रांच्या खोलीत वातानुकूलन २० वर. खोलीत शिरलेल्या नळीच्या आत पाणी धरतं आणि विरघळणाऱ्या वाफा त्यात मुरतात. नळी टेफ्लॉनची, आखूड, वेगाने ओढणारी आणि खोलीच्या आत किंचित तापवलेली ठेवायची. फार तापवली की पुन्हा हायड्रोपेरॉक्साइड मोडतं. ३५-४० अंशांच्या पुढे जाण्याची गरज नसते.

लोट ओळखण्यासाठी एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड वाढला म्हणजे शहर, असं नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरात तो जाळपोळीचाही असतो. कणसंख्या, एकूण ऑक्सिडाइझ्ड नायट्रोजन, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड आणि हवेच्या उलट्या वाटेचा (ती कुठून आली याचा) नकाशा, हे एकत्र जुळलं तरच त्या तासावर 'शहर' असा शिक्का मारायचा. शिवाय तास महत्त्वाचा. दुपारी १२ ते ४ मध्ये केंद्रावर आलेली हवा सकाळी ८ ते १२ दरम्यान शहरातून निघालेली असते: वाटभर ऊन मिळालेली. सकाळी ७ ला आलेली हवा पहाटे ३ ला निघालेली, उथळ थरात कोंडलेली, न शिजलेली. दोन्हींची दिवसभराची सरासरी काढली तर उत्तर कुठलंच येत नाही. ही चूक प्रबंधांत सर्वांत जास्त दिसते.

सह्याद्रीसाठी यातलं काय उचलता येईल? रसायन तेच, पण तुलनेची सोय नाही. मुंबई-ठाणे पट्ट्याचा धूर दुपारच्या समुद्री वाऱ्याने घाटाकडे सरकतो. मात्र घाटावर आधीच खत घातलेली शेती, चुली, महामार्ग आणि कोळशावरची वीज यांचं नायट्रोजन ऑक्साइड असतं, त्यामुळे ४० पीपीटीच्या काट्याखालची 'शहराआधीची' हवा सहज सापडणार नाही. जून ते सप्टेंबरात समुद्रावरून येणारी हवा स्वच्छ असते, पण तेव्हा ऊन नाही आणि ढग सगळं धुऊन नेतात. उपयोगाचे महिने ऑक्टोबर अखेर ते मे. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ढगांवरची उंचावरची प्रयोगशाळा आहे. तिच्यासारख्या ठिकाणी आयसोप्रीन, थंड नळीतून वेगळं काढलेलं हायड्रोपेरॉक्साइड आणि पीपीटी पातळीचं नायट्रिक ऑक्साइड ही तीन मापं एकत्र, किमान एक कोरडा हंगाम घेतली तर बोलता येईल. फक्त ओझोन आणि कणांचं वजन मोजून घाटातल्या जंगलावर शहराचा परिणाम किती, हे सांगता येत नाही.

उपग्रहाचा आधार घ्यायचा तर सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे वायू मोजणारं उपकरण दुपारी दीडच्या सुमारास वरून जातं आणि त्याचा ठिपका आता साधारण साडेतीन बाय साडेपाच किलोमीटरचा आहे. नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉर्मल्डिहाइडचे स्तंभ, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतली एकूण मात्रा, त्यातून मिळतात. पण एका दिवसाच्या फॉर्मल्डिहाइडच्या चित्रात गोंगाटच जास्त असतो, निदान महिन्याची सरासरी घ्यावी. आणि घाटाच्या कड्यांवर उंची एका ठिपक्यात ५००-६०० मीटरने बदलते, त्यामुळे तिथले आकडे सपाट अ‍ॅमेझॉनच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नयेत.